रंग गेलाय, की अजून यायचाय?

कपड्यांच्या दुकानात दोन गोष्टी साठतच जातात. एक कापडाचे उरलेले तुकडे आणि दुसरे किस्से. तुकडे आम्ही दर शनिवारी पोत्यात भरून देऊन टाकतो. किस्से कोणी नेत नाही! ते माझ्याकडेच राहतात आणि चहाला कोणी आलं की त्याच्या गळ्यात पडतात. आज तुमची पाळी.

तर आमचं दुकान सदाशिव पेठेत, पहिल्या मजल्यावर. खाली लहान मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना, वर मी आणि मृणाल. मृणाल माझी पार्टनर. ती डिझाइन शिकलेली, त्यामुळे रंगांचं सगळं तिच्याकडे. मी चौदा वर्षं एका मोठ्या साडीच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेली, त्यामुळे माणसांचं सगळं माझ्याकडे. सहा वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं, आपल्याकडे फक्त पेस्टल ठेवायचं. म्हणजे फिके, कोवळे, डोळ्यांना न टोचणारे रंग. सगळ्यांनी वेड्यात काढलं. लग्नात हिरवा, जांभळा आणि राणी कलर नेसणाऱ्या पुण्यात हे कोण घेणार?

मी म्हटलं, "घेतील. आधी टोमणे मारतील, मग घेतील."

अगदी तसंच झालं!

*

पहिल्याच आठवड्यात एक जोडपं आलं. काका रिटायर्ड, काकू उत्साही. मृणालने मोठ्या प्रेमाने एक पावडर ब्लू साडी उलगडली. काकांनी ती खिडकीशी नेली, उजेडात धरली, परत आणली.

"अहो, हा रंग गेलाय, की अजून यायचाय?"

मृणाल हसून म्हणाली, "काका, हा एवढाच असतो."

"एवढाच? मग दिसायला काही वेगळा चष्मा वगैरे देता का बरोबर?"

मृणालचा चेहरा साडीसारखा झाला. मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात काकूंनी साडी खांद्यावर टाकली आणि आरशात बघत म्हणाल्या, "हीच बांधा. यांना आवडली नाही म्हणजे चांगली असणार. चाळीस वर्षांचा अनुभव आहे माझा!"

आमची भवानी त्या साडीने झाली.

*

आमची ओढणी, साडी, ब्लाउजपीस सगळं रंगवतात सलीमभाई. बुधवार पेठेच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं रंगकाम चालतं. पणजोबांपासूनचा धंदा. माणूस अतिशय नेमका, आणि मराठी तर माझ्यापेक्षा शुद्ध.

सुरुवातीला मृणाल त्यांना फोनवर रंग सांगायची. "सलीमभाई, डस्टी रोज हवाय. नाही नाही, ब्लश नको. ब्लशच्या एक घर अलीकडे."

तिसऱ्या फोननंतर सलीमभाई स्वतःच दुकानात आले. बसले. पाणी प्यायले. म्हणाले, "मॅडम, रंगाचं नाव घेतलं की रंग डोळ्यांसमोर यायला हवा. आपण डाळिंबी म्हणतो, डाळिंब दिसतं. मोरपंखी म्हणतो, मोर दिसतो. हा ब्लश कोण? मला कुठे भेटेल?"

मृणालने तुकडा पुढे केला. सलीमभाईंनी तो बोटांवर घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ही तर सोलकढी!"

खरंच की हो! कोकमात नारळाचं दूध पडल्यावर जो येतो, तोच. त्या दिवसापासून आमच्या रंगांची नावं बदलली. पिस्ता, श्रीखंड, दुधी हलवा, पन्हं. सगळा कारखाना त्याच भाषेत चालायला लागला आणि एकही रंग चुकेनासा झाला. मृणालने तर शेडकार्डसुद्धा तसंच छापून घेतलं.

एवढंच की एकदा एक मुलगी ब्लश पिंक मागत होती आणि मृणालने आतल्या खोलीत आवाज दिला, "अगं, हिला सोलकढी दे!"

मुलगी घाईघाईने म्हणाली, "नको नको, थँक यू, मी जेवूनच आलेय."

*

सलीमभाईंचाच आणखी एक.

एका लग्नासाठी बारा ओढण्या हव्या होत्या, सगळ्या एकसारख्या लव्हेंडर. कोणत्याही रंगाऱ्याला विचारा, गडद जांभळ्या बारा ओढण्या म्हणजे एका सकाळचं काम. मग फिक्या तर आणखी सोप्या, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. लग्न तीन दिवसांवर, आणि सलीमभाईंचा फोन आला, "ओढण्या झाल्या आहेत, पण देणार नाही."

आम्ही दोघी धावत गेलो. दोरीवर बारा ओढण्या वाळत होत्या. मला तर सुरेख वाटल्या. मृणालने बघितलं आणि ओठ चावला. चार ओढण्यांवर किंचित मातकट झाक होती. त्या दिवशी नळाला गढूळ पाणी आलं होतं.

मी म्हटलं, "सलीमभाई, कोणाला कळणारे एवढं?"

"मला कळलंय ना," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मॅडम, तीस वर्षं गडद रंग केले. गडद रंगात पाणी लपतं, कापडाचा डाग लपतो, रंगाऱ्याचा आळस लपतो. फिक्यात काही लपत नाही. तुम्ही हा रंग घेऊन आलात तेव्हा मला वाटलं, सोपं काम आणलं. आता कळतंय, खरी परीक्षा आता सुरू झाली."

बाराच्या बारा ओढण्या त्यांनी बाजूला टाकल्या. नवीन कापड आणलं. आणि पाणी? पिण्याच्या पाण्याचे मोठे जार मागवले! आठ जार. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी बारा ओढण्या दुकानात आल्या. एकीचा रंग दुसरीपेक्षा तसूभर वेगळा नव्हता. त्या नवरीच्या आईने ओढण्या हातात घेतल्या आणि समाधानाने मान डोलावली. मला ती मान अजून आठवते.

सलीमभाईंच्या बायकोने मात्र आम्हाला पुढचे दोन महिने ऐकवलं. "आमच्या घरात माणसं नळाचं पितात, आणि ओढण्या जारचं!"

*

आता हा किस्सा एका बापाचा.

नवरा मुलगा आयटीतला. त्याला साखरपुड्यासाठी कुर्ता हवा होता, फिक्या गुलाबी रंगाचा. बरोबर वडील. बँकेत नोकरी केलेले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मुलाने कुर्ता घालून दाखवला. खरं सांगते, पोरगा देखणा दिसत होता!

वडिलांनी खालून वरपर्यंत पाहिलं. "हे बाळंतविड्यातलं आहे का?"

"बाबा, हल्ली सगळे घालतात."

"सगळे म्हणजे कोण? आमच्या ऑफिसात छत्तीस वर्षांत एकाही माणसाने गुलाबी घातला नाही. आणि बँक व्यवस्थित चालली."

बरीच वादावादी झाली. मुलगा हटला नाही. कुर्ता घेऊन दोघे गेले. जिन्यावरून शेवटपर्यंत वडिलांचा आवाज येत होता, "निळा होता, राखाडी होता, बदामी होता..."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतेय, तर जिन्यात वडील उभे. एकटे. म्हटलं, आता हे परत करायला आले.

ते आत आले, दार लोटलं, इकडेतिकडे पाहिलं.

"कालचा तो कुर्ता. माझ्या मापात मिळेल?"

मी टेप काढली. माप घेताना ते आरशाकडे न बघता भिंतीकडे बघत म्हणाले, "लहानपणी आईने मला गुलाबी स्वेटर विणला होता. फार आवडायचा. शाळेत पोरं हसली, मग नाही घातला कधी." आणि लगेच घसा खाकरून, "छातीला जरा सैल ठेवा. आणि हे चिरंजिवांना कळता कामा नये."

साखरपुड्याचे फोटो मुलाने पाठवले. बापलेक शेजारी शेजारी, दोघेही गुलाबी. आणि वडिलांच्या खिशाला पेन!

*

खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा मृणालला विचारलं, "मुलं आत शिरल्या शिरल्या रडायला लागतात. भिंतींचं काही करता येईल का?"

मृणालने एक रविवार घालवला. एक भिंत पिस्ता, एक पीच, एक फिकी लिंबू. बाकांना गाद्या त्याच रंगांच्या. सोमवारी खरोखर चमत्कार झाला. कोणी रडेना! डॉक्टर वर येऊन पेढे देऊन गेले.

बुधवारी मात्र खालून असा काही टाहो ऐकू आला की आम्ही दोघी जिन्यात आलो. चार वर्षांची एक चिमुरडी, गोड फ्रॉक घातलेली, आईच्या कडेवरून हातपाय झाडत होती.

डॉक्टर हताश होऊन तिला सांगत होते, "अगं, इंजेक्शन नाहीये आज, खरंच नाहीये!"

"मला इंजेक्शनचं नाही!" ती हुंदके देत म्हणाली. "मला आधी पिस्ता द्या! तुम्ही भिंती आइस्क्रीमच्या केल्यात!"

*

एक अगदी छोटा. स्वारगेटला एसटीतून उतरून एक बाई थेट आमच्याकडे आल्या. गावच्या सरपंच. कोणीतरी त्यांना आमचं नाव सांगितलेलं. बसायला दिलं, एकेक साडी दाखवली. त्यांनी प्रत्येक साडी मन लावून पाहिली, हात फिरवला, कौतुक केलं.

मग म्हणाल्या, "लई ग्वाड रंग हाय. पर माझ्या गावचा रस्ता अजून व्हायचाय. सकाळी ही साडी नेसून निघाले तर पंचायतीत पोचंस्तवर ती मातीच्या रंगाची व्हईल."

मृणाल म्हणाली, "मग ताई, ऑफिसच्या कामाला नका वापरू. समारंभाला वापरा."

"तसं नव्हं," त्या म्हणाल्या. "द्या ही मोतिया. हीच नेसून त्या इंजिनेर सायबाच्या दारात जाते. म्हंते, बघा सायेब, घरनं निघाले तवा ही पांढरी हुती!"

*

बँडवाल्यांचं ऐका. एका नवरीने ठरवलं, लग्नात सगळं पावडर ब्लू. फुलं, खुर्च्यांचे बो, वऱ्हाडी मंडळींचे कुर्ते, सगळं. आणि वरातीच्या बँडचे गणवेशसुद्धा! ते शिवायचं काम आमच्याकडे आलं.

बँडमास्तर माप द्यायला आले. लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यांवर गोंडे. मृणालने नवीन कापड दाखवलं. त्यांनी ते कपाळाला आठ्या घालून पाहिलं.

"मॅडम, बँड आधी दिसतो, मग ऐकू येतो. हे घालून आम्ही वाजवलं तर लोक म्हणतील, आवाज येतोय, पण माणसं कुठायत?"

तरी नवरीच्या हट्टापुढे त्यांनी शिवून घेतले. वरात निघाली. बँडवाले पावडर ब्लू, नवऱ्याकडचे पावडर ब्लू, नवरीकडचे पावडर ब्लू. कोण वाजवतंय आणि कोण नाचतंय, काही पत्ता लागेना.

नवऱ्याचे मामा कॉलेजात प्रोफेसर. गंभीर माणूस, कडेने शांतपणे चालत होते. रस्त्यावरचा एक गृहस्थ स्कूटर थांबवून त्यांच्याजवळ आला.

"काय हो, पुढच्या महिन्यात आमच्याकडे मुंज आहे. येता का?"

मामांनी चष्मा सावरला. "मी येईन. पण मी फक्त जेवतो, वाजवत नाही."

*

आणि आता हा एक. हा मी फार कोणाला सांगत नाही.

गेल्या वर्षी एका लग्नाची मोठी ऑर्डर होती. नवरीचं नाव ईशा. तिच्या आईने घरातल्या सगळ्या बायकांसाठी अकरा साड्या घेतल्या, सगळ्या फिक्या पीच रंगाच्या, रेशमी. अतिशय देखणं काम झालं होतं. साड्या घरी पोचल्या, फोन आला, सगळे खूश. विषय संपला.

लग्नाला आठवडा असताना एक बाई जिना चढून आल्या. सत्तरी ओलांडलेली, ताठ, जाड भिंगांचा चष्मा. हातात आमचीच पिशवी. "मी सुमन. ईशाची आजी," त्या म्हणाल्या. शाळेत गणित शिकवायच्या, हे नंतर कळलं. पण त्यांनी दुकानात पाऊल टाकल्यावर मी आपोआप सरळ उभी राहिले होते!

त्यांनी पिशवीतून त्यांच्या वाटची पीच साडी काढून काउंटरवर ठेवली.

"ही रंगवून हवी आहे."

"रंगवून? कोणता रंग, आजी?"

"लाल."

मृणालने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अहो, पण सगळ्यांचा एकच रंग ठरलाय. पीच छान दिसेल तुम्हाला."

"दिसतोच," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं तोच नेसतेय. पीच, मोतिया, राखाडी, बदामी. कपाट भरून आहेत. तुमच्याकडे आहेत त्यापेक्षा जास्त शेड माझ्याकडे असतील."

एकोणीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. तसं कोणी जबरदस्ती केली नव्हती. नणंदबाई फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "सुमन, आता जरा फिकं नेसत जा हो." नणंदबाई स्वतः एकतिसाव्या वर्षी विधवा झालेल्या, तेव्हापासून फिकंच नेसणाऱ्या. त्यांच्यापुढे घरात कोणी बोलत नसे. सुमनताईंनी दुसऱ्या दिवशी सगळ्या गडद साड्या वाटून टाकल्या.

हे सगळं त्यांनी शाळेतला धडा सांगावा तशा आवाजात सांगितलं. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही.

मला मात्र धाकधूक वाटायला लागली. ऑर्डर त्यांच्या सूनबाईंची, म्हणजे ईशाच्या आईची. उद्या त्या म्हणाल्या, तुम्ही परस्पर साडीचा रंग बदललाच कसा, तर? मी हळूच म्हटलं, "घरी एकदा विचारायचं का?"

"मी त्र्याहत्तर वर्षांची आहे," सुमनताई म्हणाल्या. "आणि आयुष्यभर प्रश्न मी विचारत आलेय."

सलीमभाई तेव्हा दुकानातच होते, मोजून तागे देत होते. ते पुढे आले, साडीचा काठ बोटांनी तपासला आणि अदबीने म्हणाले, "बाई, मी करून देईन. जरीचा काठ सांभाळून करीन. पण एक सांगतो, एकदा लाल झाली की ही परत फिकी होणार नाही."

"म्हणूनच तर आणली," त्या म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी मी कार्यालयात होते. बायकांना साड्या नेसवायचं कामही आमच्याकडेच होतं. नवरीच्या खोलीत दहा पीच साड्या, आरशात आणखी दहा. सूनबाई तोंडात पिना धरून कोणाच्या तरी निऱ्या ठीक करत होत्या. दार उघडलं आणि सुमनताई आत आल्या.

कुंकवासारखी लाल. जरीचा काठ तसाच झळझळीत. त्या खोलीत ती साडी अशी दिसली, की सगळ्या माना दाराकडे वळल्या.

सूनबाईंनी तोंडातल्या पिना काढल्या. "आई, हे काय?"

"साडी."

सूनबाई माझ्याकडे वळल्या. मी जमिनीकडे बघायला लागले. तेवढ्यात ईशा खुर्चीवरून उठली, अर्धे केस बांधलेले, अर्धे मोकळे. आजीभोवती तिने एक पूर्ण फेरी मारली आणि म्हणाली, "आजी, मी शिट्टी मारली तर चालेल का?"

सगळ्या हसल्या. सूनबाईसुद्धा हसल्या, आणि पदर नीट करायला पुढे झाल्या.

पण खरी गोष्ट बाहेर होती. हॉलमध्ये पहिल्या रांगेत नणंदबाई बसल्या होत्या. वय शहाऐंशी. अंगावर ऑफव्हाइट साडी, राखाडी काठ. त्यांच्या आजूबाजूचे नातेवाईक लाल साडी बघून एकमेकांकडे पाहायला लागले. एक जण मुद्दाम खोकला. सुमनताई क्षणभर थबकल्या. मी त्यांच्या मागेच होते, मला त्यांची मूठ आवळलेली दिसली. मग त्या सरळ चालत गेल्या आणि वाकून नमस्कार केला.

"वन्सं, आशीर्वाद द्या."

नणंदबाईंनी आशीर्वाद दिला नाही. त्यांनी सुमनताईंचा पदर हातात घेतला. बोटांत चुरून पाहिला. उलटा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. सनईवाल्यांनीही नेमकं तेव्हाच वाजवणं थांबवलं होतं.

"सुमन," त्या म्हणाल्या.

"काय, वन्सं?"

"रंगवायला किती दिवस लागतात?"